बदलीचं गाव

मित्रांनो, तुमच्या वर्गातला एखादा बाक अचानक रिकामा झालाय कधी? जूनमध्ये शाळा सुरू होते, हजेरी घेताना बाई एक नाव गाळून पुढे जातात, आणि मग कळतं की त्याच्या बाबांची बदली झाली. बँकेत, पोस्टात, पोलिसांत नोकरी करणाऱ्यांच्या घरात हा शब्द लहान मुलांनाही पाठ असतो. निरोपाच्या दिवशी शपथा घेतल्या जातात, "रोज फोन करायचा हं!" पहिला महिना रोज फोन होतो. मग आठवड्यातून एकदा होतो. मग फक्त वाढदिवसाला!

तुमचा असा कुणी दोस्त दुसऱ्या गावी गेला असेल, तर एखादी सुट्टी त्याच्याकडे काढा. मामाचं गाव असतंच की दरवर्षी. एकदा दोस्ताचं गाव बघा. आणि तो समुद्राकाठच्या गावी गेला असेल, तर काय, मज्जाच मज्जा!

मागच्या दिवाळीत मी माझ्या भाचीला घेऊन अशीच रत्नागिरीला गेले होते. भाची कोल्हापूरची. तिची अगदी जिवाची मैत्रीण सहावीत असताना रत्नागिरीला गेली. आता दोघी आठवीत. नावं छापलेली दोघींनाही आवडणार नाहीत, म्हणून आपण एकीला म्हणू कोल्हापूरकरीण आणि दुसरीला रत्नागिरीकरीण.

कोल्हापूर ते रत्नागिरी अंतर सुमारे १३० किलोमीटर. एस.टी.नं निघालं की आधी उसाची शेतं, मग मलकापूर, मग थंडगार हवेचं आंबा गाव. तिथून आंबा घाट सुरू होतो. खिडकीची जागा मिळाली तर सोडू नका बरं का! वळणावळणानं गाडी खाली उतरते आणि तासाभरात सगळा देखावा बदलतो. काळी माती संपते, लाल माती सुरू होते. उसाच्या जागी काजू, आंबे आणि फणस दिसू लागतात. घरांच्या भिंती आणि कुंपणाचे गडगे लालभडक, भोकाभोकांच्या दगडाचे. हा जांभा दगड. कोकणात पाऊस धो धो पडतो. लाखो वर्षं त्या पाण्यानं खडकातली विरघळणारी द्रव्यं वाहून नेली आणि लोखंडाचा गंज तेवढा मागे राहिला, म्हणून तो लाल. खाणीतून नुकता काढलेला जांभा मऊ असतो, त्याचे सरळ चिरे कापता येतात. हवेत राहिला की तो टणक होतो. आमची कोल्हापूरकरीण म्हणाली, "मावशी, म्हणजे मातीच्या विटा भाजाव्या लागतात, आणि ह्या न भाजताच तयार!" अगदी बरोबर!

वाटेत तिनं मला एक गुपितही सांगितलं. मैत्रिणीच्या बाबांना आता पुन्हा बदलीसाठी अर्ज करता येणार होता. ते कोल्हापूर मागतील आणि जूनमध्ये मैत्रीण परत शेजारच्या बाकावर येऊन बसेल, असं हिनं मनाशी पक्कं ठरवूनच टाकलं होतं.

स्टँडवर दोघी भेटल्या. मला वाटलं होतं, आरडाओरडा होईल, गळामिठी होईल. कसलं काय! दोघी एकमेकींकडे बघून नुसत्या हसल्या. "उंच झालीस," एक म्हणाली. "तूपण," दुसरी म्हणाली. घरी पोचेपर्यंत पुढचं संभाषण नाही! तुमचं असं झालं तर घाबरू नका. दोन वर्षांनी भेटल्यावर कुठून सुरुवात करायची तेच कळत नाही. अशा वेळी एकमेकांसमोर खुर्च्या टाकून बसू नये. सरळ बाहेर पडावं.

आम्ही संध्याकाळी मांडवीच्या किनाऱ्यावर गेलो. इथल्या वाळूला काळी झाक आहे, म्हणून रत्नागिरीकर ह्याला काळा समुद्र म्हणतात. आणि किल्ल्याच्या पलीकडे, मिऱ्याच्या बाजूला आहे पांढरा समुद्र. पाणी तेच हो! फरक आहे तो वाळूचा. काळ्या वाळूत लोखंड आणि टायटॅनियम असलेल्या जड खनिजांचे कण असतात. पांढऱ्या वाळूत शंखशिंपल्यांचा चुरा जास्त. रत्नागिरीकरणीनं खिशातून एक लोहचुंबक काढलं, वाळूतून फिरवलं आणि वर उचललं. चुंबकाला काळ्या कणांच्या मिशा फुटल्या होत्या! मग काय, दोघी वाळूत बसल्या त्या अंधार पडेपर्यंत उठल्याच नाहीत. कोरडी वाळू जास्त चिकटते की ओली? लाटेजवळची की वरची? प्रयोगावर प्रयोग! बडबड कधी सुरू झाली ते त्यांनाही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिरकरवाडा बंदर. इथे नाकाला रुमाल लावायचा नाही, असा रत्नागिरीकरणीचा पहिला नियम. रात्रभर समुद्रात असलेल्या होड्या परत येत होत्या. टोपल्यांतून बांगडे, सुरमई, कोळंबी, म्हाकूल उतरत होतं. बर्फ फोडला जात होता, लिलाव चालू होता. बोली इतकी भराभर चालली होती की मला एक आकडा धड ऐकू येईना, पण रत्नागिरीकरीण शांतपणे सांगत होती, कुठला मासा कुणी घेतला ते. एका मासेवालीनं तिला हाक मारली, "काय गो, पाहुणी आली वाटतं?" ह्या बंदरावरची धांदल वर्षभर नसते. पावसाळ्यात खवळलेला समुद्र आणि माशांचा विणीचा काळ, दोन्ही लक्षात घेऊन मासेमारी बंद ठेवतात. मग नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहायचा आणि पुन्हा होड्या लोटायच्या.

बंदरावरून मान वर केली की दिसतो रत्नदुर्ग किल्ला. तीन बाजूंना समुद्र आणि आकार घोड्याच्या नालेसारखा. बालेकिल्ल्यावर भगवती देवीचं देऊळ आहे, म्हणून गावात ह्याला भगवती किल्लाही म्हणतात. दुसऱ्या टोकाला दीपगृह आहे. वर उभं राहिलं की एका बाजूला बंदरातल्या होड्या खेळण्यातल्यासारख्या दिसतात आणि दुसऱ्या बाजूला नुसतं निळं पाणी, थेट आभाळाला टेकलेलं. मिऱ्याच्या बाजूला लाटा किनारा खात खात आत येतात, म्हणून तिथे मोठमोठे दगड टाकून बंधारा घातलाय. तटावरून वाकून बघू नका, वारा जोराचा असतो आणि खाली सरळ कडा आहे.

दुपारी ऊन तापल्यावर मत्स्यालयात गेलो. सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं हे मत्स्यालय. काचेच्या टाक्यांतले मासे तर आहेतच, पण बघण्यासारखा आहे तो देवमाशाचा सांगाडा. त्याच्या शेजारी उभं राहिल्यावर आपण केवढे चिमुकले आहोत ते कळतं!

आता येते खरी गोष्ट. रत्नागिरीत एका टेकडीवर लालसर रंगाचा तीन मजली राजवाडा आहे. उतरती छपरं आणि नक्षीकाम केलेल्या लाकडी कमानदार खिडक्या. हा राजवाडा कोकणातल्या कुठल्या राजाचा नाही. तो आहे ब्रह्मदेशाच्या, म्हणजे आजच्या म्यानमारच्या राजाचा!

थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. राजधानी मंडाले. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी जेमतेम दोन आठवड्यांच्या लढाईत त्याचं राज्य घेतलं. राजा मंडालेत राहिला तर लोक पुन्हा त्याच्याभोवती जमतील, म्हणून त्याला राण्या आणि मुलींसह देशाबाहेर काढलं. आधी मद्रासला नेलं आणि १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं. तेव्हा राजा होता फक्त सत्तावीस वर्षांचा. रत्नागिरीच का? तर एका बाजूला सह्याद्री, दुसऱ्या बाजूला समुद्र. रेल्वे नाही. मुंबईला जायचं तर बोटीनं, आणि पावसाळ्यात बोटीही बंद. कोकण रेल्वे संपूर्ण सुरू झाली ती १९९८ साली, म्हणजे त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी! माणूस दूर ठेवायला ह्याहून सोयीची जागा कुठली?

सुरुवातीची चोवीस वर्षं राजा इथल्या बंगल्यांत राहिला. हा राजवाडा तयार झाला १९१० साली. सहा वर्षं तो त्यात राहिला आणि १९१६ मध्ये वारला. एकूण तीस वर्षं! मंडाले त्याला पुन्हा दिसलं नाही. त्याची समाधीही रत्नागिरीतच आहे. २०१२ साली म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन मुद्दाम इथे येऊन त्या समाधीला वंदन करून गेले. राजवाड्यात आता सरकारी संग्रहालय आहे. मागच्या बाजूला राजाची बुद्धमूर्तीही बघायला मिळते.

आता गंमत ऐका. रत्नागिरीतच टिळक आळीत एक कौलारू घर आहे, लोकमान्य टिळकांचं जन्मस्थान म्हणून ते जपलंय. टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ चा. वडील गंगाधरपंत शिक्षक होते. १८६६ साली त्यांची पुण्याला... काय झालं असेल सांगा बघू? बदली झाली! दहा वर्षांचा बाळ रत्नागिरी सोडून पुण्याला गेला. पुढे १९०८ मध्ये इंग्रजांनी टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा दिली आणि त्यांना पाठवलं कुठे? मंडालेच्या तुरुंगात!

म्हणजे बघा, मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीत जन्मलेले टिळक मंडालेत. सहा वर्षं ही अदलाबदल चालू होती. १९१० मध्ये राजा इकडे नव्या वाड्यात राहायला आला आणि त्याच हिवाळ्यात टिळक तिकडे तुरुंगात शिसपेन्सिलीनं 'गीतारहस्य' लिहीत होते. फरक एवढाच की टिळक १९१४ मध्ये सुटून पुण्याला परत आले. राजाला परत जाता आलं नाही.

इंग्रजांची ही युक्ती जुनीच होती. दिल्लीचा शेवटचा बादशहा बहादुरशहा जफर ह्याला त्यांनी १८५८ मध्ये रंगूनला नेलं होतं. तो १८६२ मध्ये तिथेच वारला. आणि आपल्या रत्नागिरीतच पुढे १९२४ पासून १९३७ पर्यंत स्वातंत्र्यवीर सावरकरांना जिल्ह्याबाहेर जायची बंदी होती. त्या काळात भागोजीशेठ कीर ह्यांनी बांधलेलं पतितपावन मंदिर १९३१ साली सर्व जातींच्या लोकांसाठी उघडलं. तेही गावातच आहे, जरूर बघा.

राजवाडा बघून आम्ही जवळच्या थिबा पॉइंटवर जाऊन बसलो. खाली भाट्याची खाडी, पलीकडे समुद्र, सूर्य बुडायला आलेला. कोल्हापूरकरणीनं इतके दिवस दाबून ठेवलेला प्रश्न एकदम विचारला.

"काकांनी अर्ज केला का गं कोल्हापूरसाठी?"

"नाही केला अजून."

"का?"

"बाबा म्हणाले, तू सांग. मी अजून काही सांगितलं नाहीये."

झालं! इकडे तोंड लालबुंद. "राजाला तीस वर्षं परत जायचं होतं, त्याला जाऊ दिलं नाही. तुला जायला मिळतंय तर तू विचार करत बसलीयस! कोल्हापूर नको झालं व्हय तुला?"

मी मध्ये पडणार होते, पण गप्प बसले. रत्नागिरीकरीण बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मी आले तेव्हा रोज रडायचे. इथे मला कुणी ओळखत नव्हतं. आता बंदरावर मला हाक मारतात. परत गेले तर तू असशील. पण मग इथल्यासाठी रडेन. सांग ना, मी काय करू?"

ह्याचं उत्तर माझ्याकडेही नव्हतं. पण राजाच्या थोरल्या मुलीची गोष्ट मला आठवली, ती मी त्यांना सांगितली. राजा वारल्यावर १९१९ मध्ये त्याचं कुटुंब ब्रह्मदेशात परतलं. ज्या देशासाठी सगळे झुरले होते, तो देश! थोरली राजकन्याही गेली. पण ती पुन्हा रत्नागिरीला आली आणि अखेरपर्यंत इथेच राहिली. तिची मुलगी टूटू इथेच वाढली, इथेच तिचा संसार झाला, आणि ती मराठी बोलायची ती अगदी इथल्या बायकांसारखी. गोष्ट ऐकून कोल्हापूरकरीण म्हणाली, "म्हणजे तिला दोन गावं झाली." रत्नागिरीकरीण म्हणाली, "हो. आणि दोन्हीकडे कुणीतरी तिची वाट बघत असणार." मग दोघी पुन्हा गप्प. पण हे गप्प बसणं स्टँडवरच्यासारखं नव्हतं.

त्या रात्री काकूंनी घावन केले होते आणि सोबत नारळाचा गोड रस. कोल्हापूरकरीण तिखटाशिवाय जेवत नाही असा तिचा लौकिक. तिनं मोजून सहा घावन खाल्ले आणि वर दोन वाट्या सोलकढी प्यायली! मुली झोपेपर्यंत आतून कुजबुज ऐकू येत होती. अर्जाचं काय ठरलं ते मला त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. एवढं मात्र खरं, परतीच्या एस.टी.त भाची म्हणाली, "मावशी, मे महिन्यात तिला रंकाळ्यावर न्यायचंय. तिला तो आता लहान वाटेल का गं?"

तर मित्रांनो, दोस्ताच्या गावी जाणार असाल तर चार गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, काय काय बघायचं त्याची यादी घरून करून नेऊ नका. त्यालाच विचारा, "तुझ्या आवडीच्या जागा दाखव." रत्नागिरीतल्या कुठल्याही माहितीपत्रकात लोहचुंबक लिहिलेलं नसतं! दुसरी, त्याच्या नव्या मित्रांना भेटा. थोडा राग येईल, येऊ द्या. तिसरी, "आमच्याकडे असं नसतं" हे वाक्य दिवसातून एकदाच म्हणायचं. आणि चौथी, निघताना त्याला आपल्या गावी यायचं आमंत्रण द्या, तेही तारखेसकट.

रत्नागिरीला जायला ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ छान. हापूस खायचा असेल तर एप्रिल-मे मध्ये जा, पण घामाची तयारी ठेवा. संग्रहालय आणि दीपगृह ह्यांच्या वेळा ठरलेल्या असतात, त्या आधी विचारून घ्या. भरती-ओहोटी गावातल्या माणसांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नका, आणि मोठं माणूस सोबत असल्याशिवाय तर नाहीच नाही. येताना आंबापोळी आणि फणसपोळी आणा. जमलं तर एका बाटलीत मूठभर काळी वाळू. शाळेत दाखवायला उपयोगी पडेल. चुंबक मात्र तुमचं तुम्ही न्या हं!